बस्त्याच्या दिवशीचा पिच्चर

बसा. नीट टेकून बसा, मी मोडत नाही. आणि बसलातच आहात तर जरा ऐका, कारण तुमच्या खालून मीच बोलतेय. मी खुर्ची. अमरावतीच्या एका थेटरातली, मधल्या रांगेतली, लाल रेक्झिनची. एरवी मी तोंड उघडलं नसतं. पण त्या दिवशी ज्यांनी बोलायला हवं होतं ते गप्प बसले, आणि एका चांगल्या पोरीवर खोटारडी म्हणून शिक्का बसला. ते मला सहन होत नाही.

माझं मूळ विचाराल तर लोखंडाचा सांगाडा, त्यावर स्पंज, त्यावर रेक्झिन. कारखान्यातून ट्रकमध्ये चढवलं तेव्हा मी हरखून गेले होते. वाटलं, आता गावंच्या गावं बघायची! कशाचं काय. इथं आणलं, फरशीला भोकं पाडली, बोल्ट घातले आणि पाना फिरवला. तेव्हापासून एकाच भिंतीकडे तोंड. शेजारच्या खुर्चीशी माझा एक हात सामाईक आहे, म्हणजे हातसुद्धा धड माझा नाही.

माणसं मात्र भरपूर सोसली. मारामारी सुरू झाली की ही माणसं मला गच्च धरतात, रडू आलं की मलाच नाक पुसतात. तंबाखूवाला येतो, च्युइंगमवाला येतो. एक बाई तर दर शुक्रवारी डब्यात भरलं वांगं घेऊन यायची आणि मसाला मला चाटवायची. चालायचंच. गर्दी असली की मला बरं वाटतं, हे खरं आहे.

तर लग्नसराईच्या तोंडावर आमच्याकडे एक सिनेमा लागला. नाव 'इथं नको'. पोस्टरवर मुंडावळ्या बांधलेले नवरा-नवरी एका बाजेवर, दोरीच्या खाटेवर, बसलेले, शेजारी एक बँडवाला. पोस्टर पाहून मॅनेजरला वाटलं लग्नाचा कौटुंबिक सिनेमा आहे. त्याच समजुतीत त्या शनिवारी दुपारी दोन घरं माझ्या रांगेत येऊन बसली.

ही दोन घरं बस्त्याला आली होती. आमच्या वऱ्हाडात साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाला की दोन्हीकडची माणसं मोठ्या गावात येऊन लग्नाचे कपडे एकत्र घेतात, त्याला बस्ता म्हणतात. सकाळपासून दुकानात शालू, लुगडी, टॉवेल-टोप्या निवडून झाल्या होत्या. गाठोडी दुकानात ठेवायला कोणाचाच जीव होईना, म्हणून सगळा बस्ता थेटरात आला आणि आमच्या रांगेत गुडघ्यांपुढे रचला गेला. एकदा आत बसलेल्या माणसाला बाहेर पडायचं म्हणजे कसरतच.

नवरदेव जीवन, वरूडच्या संत्र्याच्या बागेवाल्या किसनरावांचा मुलगा. नवरी प्रणाली, बार्शीटाकळीच्या खुशालरावांची मुलगी, अकोल्याला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. सोयरीक जुळवली होती जीवनच्या मामानं, चंद्रभाननं. पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला, अशी बैठक ठरली. सीमेवर जीवनची आई माणिकबाई. तिच्या त्या बाजूला जीवन, या बाजूला प्रणाली. प्रणाली माझ्यावर बसली होती आणि तिच्या पलीकडे तिची आई आशाबाई.

सिनेमा सुरू झाला. नवरा-नवरी मांडवातून उठतात, आंदणात मिळालेली बाज डोक्यावर घेतात आणि चालायला लागतात. कोरड्या कालव्यात बाज टाकतात. नवरा विचारतो, "इथं?" नवरी बाजेवर आडवी होते, बराच वेळ आभाळाकडे बघते आणि म्हणते, "इथं नको." बाज पुन्हा डोक्यावर. मग एस. टी. स्टँड. मग वीटभट्टी. मग शाळेचं पटांगण. मागून तो बँडवाला वाजवतच येतो, कारण 'आता पुरे' असं त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. झालं, एवढाच सिनेमा.

पहिली पंधरा मिनिटं लोकांनी कळ काढली. मग मागून एकजण ओरडला, "अबे टाक ना बाज कुठंतरी!" दुसरा म्हणाला, "त्या बँडवाल्याले पानी तरी पाजा!" सगळं थेटर हसलं. एक म्हातारे गुरुजी शेजारच्याला समजावत होते की ही बाज म्हणजे माणसाचं मन आहे. शेजारचा म्हणाला, "गुरुजी, मले फक्त मध्यंतर कधी हाय ते सांगा."

आमच्या रांगेतही कुरकुर सुरू झाली. किसनराव म्हणाले, "एवढ्या वेळात माह्या संत्र्याचा ट्रक भरून झाला असता." खुशालराव म्हणाले, "राहाले जागा नाही अन् याले पोरगी देली कोणी?" आशाबाईंना नवरीचाच राग आला होता. "बाईच्या जातीनं एवढे नखरे करू नये. नवरा जिथं बाज टाकील तिथं निजावं," असं त्या लेकीच्या कानाशी म्हणाल्या. प्रणाली नुसती माझ्या कडेवर बोटं घासत राहिली.

पण मंडळी, एक सांगते. वीटभट्टीवर बँडवाला दमून त्या बाजेवरच झोपतो आणि नवरा-नवरी त्याला बाजेसकट उचलून चालायला लागतात, तेव्हा अख्ख्या थेटरात दोघंच हसले. एक माझ्यावर बसलेली प्रणाली आणि दुसरा माणिकबाईच्या पलीकडचा जीवन. दोघांनी वाकून एकमेकांकडे पाहिलं. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, जमेल यांचं.

मग रांग रिकामी व्हायला लागली. किसनराव चहाला उठले. व्याही उठले म्हटल्यावर खुशालरावांना बसवेना. मामा चंद्रभान "कॅन्टीन कुठंसं हाय ते दाखवतो" म्हणत गेला. मग आशाबाईंचं डोकं दुखायला लागलं, त्याही गाठोडी ओलांडत गेल्या. किसनरावांनी जाता जाता बायकोला बजावलं, "तू बस इथं. बस्त्याजवळ कोणी पाह्यजे." आणि ठरलेल्या पोरापोरीला एकटं कसं सोडायचं, हेही त्यात आलंच. माणिकबाईंनी मान हलवली. थोड्या वेळानं त्यांची मान मागं गेली आणि बारीक घोरणं सुरू झालं.

प्रणाली पुढे वाकली. "ऐका ना," ती हळूच म्हणाली.

"हां," जीवन म्हणाला.

"मले कधीचं एक सांगायचं होतं. साक्षगंधाच्या दिवशीच सांगणार होती, पण तुमच्याभोवती माणसंच माणसं." तिनं मागं वळून कोणी येतंय का ते पाहिलं. "मी लॅब सोडणार नाही. लग्नाच्या बैठकीत तुमच्या बाबांनी म्हटलं, नोकरी कायले करते, घरी काय कमी हाय. आमचे बाबा हो म्हणून मोकळे झाले. मी चहाचा ट्रे घेऊन दाराशीच उभी होती."

जीवननं मान वर करून पाहिलं. पडद्यावर ती दोघं बाज घेऊन चाललीच होती. मग तो म्हणाला, "खरं सांगू? मले बी वरुडात नाही राहायचं."

"काहून?"

"संत्र्यात माहं मनच नाही. अकोल्याले माहा दोस्त कॅमेरे बसवायचं काम करते. तो मले कधीचा ये म्हणून राहिला. पण बाबासमोर माहं तोंडच उघडत नाही. हे पहिल्यांदा कोणाले सांगून राहिलो."

आता इथं नीट ऐका. आमचा जो सामाईक हात आहे ना, त्याच्यावर माणिकबाईंचा हात होता. झोपलेल्या माणसाचा हात कसा असतो ते मला विचारा. तो जड होतो, सैल पडतो, घसरतो. जीवन 'वरुडात नाही राहायचं' म्हणाला आणि त्या हाताची पाचही बोटं माझ्या रेक्झिनमध्ये रुतली. तळव्याला घाम सुटला. आणि वर घोरणं चालूच! अगदी तसंच, एका लयीत. मी आजवर खूप नट पाहिले, पण असा नट पडद्यावरही पाहिला नाही.

"मंग आजच सांगू," प्रणाली म्हणाली. "मी माहं सांगते, तुमी तुमचं सांगा."

"आज?"

"लग्न झाल्यावर सांगून काय फायदा? मंग मी तिकडं अडकली, तुमी बी अडकले."

"बरं," जीवन म्हणाला. "तू सुरू कर. मी हाय ना."

"नक्की?"

"नक्की."

तेवढ्यात मध्यंतर झालं, दिवे लागले. माणिकबाईंनी डोळे चोळले. सगळी मंडळी परत आली ती उभ्याउभ्याच. मामा चंद्रभान म्हणाला, "चला, उठा. कॅन्टीनवाला म्हणून राहिला, पुढं बी बाजच उचलतात."

प्रणाली उठली. ती किसनरावांना म्हणाली, "मले एक सांगायचं हाय. मी लग्नानंतर नोकरी सोडणार नाही. आमी दोघं अकोल्याले राहू म्हणतो. यांचं बी तेच म्हणणं हाय."

किसनरावांच्या हातातला शेंगदाण्याचा पुडा तसाच राहिला. त्यांनी पोराकडे पाहिलं. "काहून बे जीवन? असं म्हणला तू?"

बोल रे बाबा, मी मनात म्हणत होते. एकच वाक्य आहे. जीवननं समोरच्या गाठोड्याकडे पाहिलं, त्याची गाठ उगीच चाचपली. "नाही बाबा," तो म्हणाला. "मी काही म्हटलं नाही. मी पिच्चर पाहून राहिलो होतो."

प्रणालीनं त्याच्याकडे असं पाहिलं की मला दुसरीकडे तोंड फिरवता आलं असतं तर फिरवलं असतं. आशाबाई तिचा हात ओढत होत्या, "चूप बस व पोरी." ती चूप बसली नाही. ती माणिकबाईंकडे वळली.

"आई, तुमी इथंच होत्या. आमचं बोलणं तुमच्या कानावर पडलंच असल. सांगा ना."

माणिकबाईंनी पदर सारखा केला. नवऱ्याकडे पाहिलं. पोराकडे पाहिलं. पोर खाली बघत होतं. मग त्या म्हणाल्या, "मले डोळा लागला होता, बाई."

झालं! किसनरावांचा आवाज चढला. "घरात पाय नाही ठेवला अन् पोराले आमच्यापासून फोडाले निघाली. वरून खोटं बोलते. अशी सून मले नको." खुशालरावांनी व्याह्यांपुढे हात जोडले. प्रणालीनं ते हात धरून खाली केले. "बाबा, हात नका जोडू. मी खोटं नाही बोलली." पण ऐकायला होतं कोण? पुढच्या-मागच्या रांगेतली माणसं खारे दाणे खात हेच बघत होती. सिनेमापेक्षा यात त्यांना जास्त मजा येत होती, मेल्यांना.

बस्ता तिथंच वाटला गेला. नवरदेवाचे कपडे वरूडकरांनी उचलले, आणि नवरीचा शालू त्यांच्याच खरेदीचा म्हणून तोही त्यांनीच उचलला. एक घर डाव्या दारानं गेलं, दुसरं उजव्या दारानं. सगळ्यात मागं माणिकबाई होत्या. माझ्या हातावर त्यांच्या तळव्याचा घाम तसाच ओला होता. त्यांनी पदराच्या टोकानं तो पुसला, दोनदा पुसला, आणि गेल्या. दिवे मालवले, उरलेल्या लोकांसाठी सिनेमा पुढे सुरू झाला. मागून तोच आवाज आला, "अबे टाक ना बाज!" या खेपेला कोणी हसलं नाही.

आठवडाभरात सिनेमा उतरला. नंतर एकदा वरूडकडचा एक माणूस माझ्यावर बसून सोबत्याला सांगत होता, "ते बार्शीटाकळीची पोरगी? भर थेटरात खोटं बोलली म्हणे. दोन ठिकाणचे पाहुणे चौकशी करून तसेच वापस गेले." तो बोलत होता आणि मी त्याला पाठीवर घेऊन बसले होते. एखाद्या खिळ्यानं टोचावं तर माझ्यात खिळासुद्धा नाही. त्याच्याकडूनच कळलं, जीवन अजून बागेतच आहे. त्याच्यासाठी दुसरी मुलगी बघतायत.

आता माझं रेक्झिन फाटायला आलंय, स्पंज बाहेर डोकावतोय. माझी काही तक्रार नाही. एक मागणं आहे, तेही तुमच्याकडे नाही. वरूडकडे कोणी जाणारं असलं तर निरोप तेवढा पोचवा.

माणिकबाई, मी तुमच्यावर रागावले आहे, खरंच रागावले आहे. पण तुमच्या घरात रोज कोणाचा आवाज चढतो आणि कोणाला खाली बघावं लागतं, ते मला त्या दिवशी दिसलं. पोराला वाचवायला गेलात, कळतं मला. पण तुमच्या पोराचं खरं ऐकणाऱ्या आपण तिघीच होतो. एकीचं कोणी ऐकलं नाही. मी पडले खुर्ची, माझी साक्ष कोण धरणार. उरल्या तुम्ही. बार्शीटाकळीला एक फोन करा, नवरा बागेत गेला असताना करा, हळू आवाजात करा, काहीही करा. पोरीला नाही तर निदान तिच्या बापाला सांगा.

माणिकबाई, तुम्ही जाग्या होत्या.