तिसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

नियम साधा होता. वृद्धाश्रमात मतपत्रिका घेऊन जायचं तर दोन माणसं हवीत, एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन. दोघांनी एकाच गाडीतून जायचं, पिशवी दोघांच्याही नजरेआड होऊ द्यायची नाही, आणि काम संपेपर्यंत राजकारणाचा शब्द काढायचा नाही.

ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारी निवडणूक कार्यालयाच्या फळ्यावर नोरीन व्हास्कोला आपल्या नावापुढे डार्ला हफचं नाव दिसलं. जोडीदार बदलून मागावा, असं आधी तिला वाटलं. मग वाटलं, डार्लानेच मागितला तर? ती तिथेच उभी राहिली. नऊला डार्ला आली, फळा वाचला आणि म्हणाली, "गाडी माझी घेऊ. तुझ्या गाडीत माझे गुडघे मावत नाहीत."

सहा वर्षांत डार्ला तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

त्याआधीची एकतीस वर्षं दोघी एकाच प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. नोरीन दुसरीला, डार्ला तिसरीला, मध्ये एक भिंत. भिंतीवर दोनदा टकटक म्हणजे कॉफी, तीनदा म्हणजे मुख्याध्यापक येताहेत. ऑगस्टमध्ये डार्लाच्या स्वयंपाकघरात दोघी टोमॅटो शिजवून बरण्या भरायच्या. मग एका निवडणुकीत सगळं तुटलं.

त्यानंतर नोरीनने पुस्तकं आणली. गावाकडची माणसं रिपब्लिकन पक्षाला मत का देतात, हे समजावणारी, मोठ्या शहरांतल्या हुशार लोकांनी लिहिलेली. प्रत्येक पुस्तकात एक डार्ला होती, कधी घाबरलेली, कधी चिडलेली, कधी कुणीतरी फसवलेली. एकाही पुस्तकातली डार्ला विनोद करत नव्हती. नोरीन खुणा करत वाचायची आणि मध्येच पुस्तक मिटून बसून राहायची. तिला डार्ला समजून घ्यायची नव्हतीच. तिला ती परत हवी होती.

गाडी सोयाबीन काढून झालेल्या शेतांमधून निघाली. 

"हीटर लावू?" डार्लाने विचारलं.

"लाव."

"यात राजकारण नाही ना? बघ हां, नियम आहे."

नोरीनला हसू आलं, पण डार्ला समोर बघत होती.

आश्रमातली चार मतं पटापट झाली. पाचवे हासेक सर. वय एक्क्याण्णव. हायस्कुलात त्यांनी दोघींना नागरिकशास्त्र शिकवलं होतं. पोलाद कारखान्याच्या संपात त्यांनी अख्खा वर्ग फाटकापाशी नेला होता. नोरीन डेमोक्रॅट झाली ती त्या दिवशी. आता त्यांचा हात इतका कापायचा की पेन धरता येत नव्हतं. नावं वाचून दाखवायची, ते सांगतील तिथे खूण करायची, आणि एकदा परत वाचून खात्री करायची.

"तुमच्यातली कोण कुठल्या पक्षाची?" सरांनी विचारलं.

"सांगता येत नाही, सर," डार्ला म्हणाली.

"सांगू नका. नोरीन रिपब्लिकन असणार. कुणी नियम मोडला की रडायची."

डार्लाला खोकला आला. निदान तिने तसं दाखवलं.

नोरीनने गव्हर्नरपदाची नावं वाचली. सरांनी रिपब्लिकन उमेदवाराचं नाव घेतलं.

नोरीनचं पेन थांबलं. आश्रमांचं अनुदान कापीन असं या उमेदवाराने जाहीर सांगितलं होतं. म्हणजे सर ज्या खाटेवर बसले होते तिच्याच विरुद्ध मत देत होते. कोपऱ्यातला टीव्ही दिवसभर चालू असणार, त्यानेच हे त्यांच्या डोक्यात भरवलं असणार. तिने नावं पुन्हा वाचली. सरांनी तेच नाव घेतलं.

"नक्की ना, सर?" तिने विचारलं. "हाच उमेदवार?"

"नोरीन," डार्ला हळू आवाजात म्हणाली. "एकदाच विचारायचं असतं."

सरांनी नोरीनकडे पाहिलं. नजर अगदी स्वच्छ होती. "पोरी, मी तुला प्रश्न विचारायला शिकवलं. उत्तर आवडेपर्यंत विचारायला नव्हतं शिकवलं."

नोरीनने खूण केली. दोघींनी पाकिटावर सह्या केल्या. सरांनी कारण सांगितलं नाही आणि विचारायचा हक्क नोरीनला नव्हता.

गाडीत बसल्यावर डार्लाने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"त्यांनी दुसरं नाव घेतलं असतं तर तू तिसऱ्यांदा विचारलं असतंस?"

"नाही."

"माझ्याशीही तसंच वागली होतीस. माझ्याच स्वयंपाकघरात. मी कुणाला मत देणार ते सांगितलं, तर म्हणालीस, 'हे तुला कुणी सांगितलं?' माझा नवरा, व्हर्न, शेजारी उभा होता. एकतीस वर्षं भिंतीपलीकडे होते मी, नोरीन. तुला वाटलं, माझ्या डोक्यात दुसरंच कुणी बसलंय."

"माझं चुकलं." नोरीन थांबली. "पण तुझं मत मला अजूनही पटत नाही. हे बोललं तर नियम मोडतो का?"

"मोडतो."

"मग मागे घेते."

"राहू दे. रडशील."

नोरीन हसली आणि हसताना तिचे डोळे भरले. डार्लाने ते पाहिलं.

"व्हर्नला पुरलं त्या दिवशी तू चर्चच्या बाहेर गाडीत बसली होतीस. आत का नाही आलीस?"

"वाटलं, तुझ्या लोकांना चालणार नाही."

"माझे लोक! त्यातल्या निम्म्यांना वाचायला तू शिकवलंस गं. मी शेजारची खुर्ची धरून ठेवली होती. पाद्र्याची बायको दोनदा बसायला आली. दोनदा उठवली तिला."

नोरीनच्या ओठावर बरंच काही आलं. ती डार्लाकडे वळून बसली.

मग डार्लाने स्वतःहूनच सुरुवात केली. व्हर्न गेला त्या सकाळी तो बूट घालत होता. एकच घातला. दुसरा हातात धरून तो म्हणाला, की आज कोंबड्यांना तूच दाणे घाल. तिला वाटलं, आळस करतोय. ती ओरडलीसुद्धा त्याच्यावर. ती सांगत राहिली आणि नोरीन ऐकत राहिली, मतपत्रिकांची पिशवी दोघींच्या मध्ये. मध्येच डार्ला गप्प झाली. नोरीनने पुढे काय झालं ते विचारलं नाही. ती नुसती थांबली, डार्ला पुन्हा बोलेपर्यंत.