पैलथडीची सनई

सोनपेठच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या गावात धुरपताबाईच्या केशरचं लग्न ठरलं. गोदावरीला तिकडं गंगाच म्हणतात. नवरदेवाचं गाव समोर पैलथडीला, चुलीचा धूर दिसावा इतकं जवळ. लग्न त्यांच्या दारी. आणि रीत अशी की, लेकीच्या डोक्यावर अक्षता पडताना आईनं तिथं असायचं नाही. वऱ्हाड जाणार, सगळा गाव जाणार, अन् धुरपताबाई ऐलथडीला राहणार.

"मग मला हितं ऐकू येईल असा बाजा सांगा," ती नवऱ्याला म्हणाली. "डोळ्यानं बगता येत न्हाई, कानानं तरी लेकीचं लगीन लागू द्या."

व्यंकटरावांच्या मनात परभणीचा बँड भरला होता. लाल कोट, पितळी कर्णे, जहागीरदाराच्या वरातीत मिरवलेला. "त्येचा आवाज मानवतपस्तोर जातो," ते म्हणाले.

"मानवतात माझं कोण हाय? पैलथडीला उभा करा त्येला. मी वाळूत बसते."

शेजारची दगडाबाई पदराआड हसली. "भाऊजी, बैलाचे दात बगावे तसा बाजा बगायलीय तुमची बायको."

चैत्र सरत आला होता. नदी वाळूत अंग चोरून निजली होती. पारखायला म्हणून बँड पैलथडीला उभा केला. दिवस कलल्यावर त्याचा आवाज आला तो लोंढ्यासारखा आला. एका गतीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. बगळे उडाले, पाणी शहारलं. धुरपताबाई कान देऊन बसली, पण कुठं उसंतच नव्हती.

"ह्यात माझ्या लेकीचं लगीन कवा लागलं?" तिनं परत आलेल्या नवऱ्याला विचारलं.

"आगं, बँड मधी थांबत न्हाई. थांबला की लोक म्हणतेत, दम सरला."

दुसऱ्या दिवशी गावचाच लिंबाजी सनई घेऊन पैलथडीला गेला, संगं संबळवाला. सनईचा सूर सुतासारखा बारीक होऊन पाण्यावरून आला. थोडा वेळ वाजला, आणि मंगलाष्टकांना थांबावं तसा थांबला. धुरपताबाईला पाण्याची झुळझुळ ऐकू आली, आपला श्वास ऐकू आला. मग सनई-संबळ एकदम उठले. तिची मूठ आपोआप उघडली.

"लागलं," ती म्हणाली.

"सोयरे नाक मुरडतील," व्यंकटराव म्हणाले.

"मुरडू द्या. कान तर न्हाईत ना मुरडायचे?"

व्यंकटरावांनी पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं, आणि लिंबाजीला लग्नाची सुपारी दिली.

वैशाखात गोरज मुहूर्तावर लग्न होतं. दुपारीच गाड्या नदी उतरून गेल्या. केशरनं गाडीतून दोनदा मागं पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा धुळीनं सगळं झाकलं. गाव रिकामं झालं. धुरपताबाई वाळूत येऊन बसली.

ऊन पिवळं झालं, आणि तिच्या पाठीमागून वारं सुटलं. ते सगळे आवाज उचलून पैलथडीकडं न्यायला लागलं. सनई येईना. मंगलाष्टकांसाठी थांबलीय, की वाऱ्यानं खाल्लीय? जे थांबणं तिनं हौसेनं निवडलं होतं, तेच आता कळेना.

ती उठली. लुगडं खोचून पाण्यात शिरली. घोट्याइतकं, पोटरीइतकं. ओठांत आपसूक ओवी आली:

"गंगंच्या पाण्या बाई, नको करूस खळखळ
पैलाड लेक माझी, उभी बोहल्याजवळ"

गुडघे बुडाले. पैलथडीच्या दरडीनं तिथं वारं थोपवलं होतं. आणि सूर आला. बारीक, ओलसर, जणू पाण्याच्या पोटातूनच. ती होती तिथंच थांबली. मागं गाव, पुढं मांडवाचे हिरवे डहाळे. पायाखालची वाळू हळूहळू सरकत होती.

सूर थांबला.

धुरपताबाईनं ओच्यातून अक्षतांची, हळदीकुंकवात घोळलेली ज्वारी मुठीत घेतली. तिला केशरचा भांग दिसला, अंतरपाट दिसला, हिरव्या चुड्याचे हात दिसले. किती वेळ गेला कोण जाणे. मग पैलथडीला सनई-संबळ उसळले आणि तिनं मूठ सोडली.

दाणे पाण्यावर टपटपले. काही लुगड्याच्या ओल्या घोळात अडकले, बाकीचे गंगेनं नेले. सनई वाजत होती तोवर ती तिथंच, मधल्या पाण्यात उभी राहिली.