थोडं अंतर

तिने चिपभोवतीचं तापमान आणखी पाच अंशांनी वाढवलं. ऐंशीपर्यंत सगळं सुरळीत होतं. पंच्याऐंशीला पहिलं उत्तर चुकलं. नव्वदला पडद्यावर चुकांची रांगच लागली. तिने यंत्र बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

प्रकल्पाची प्रमुख ती होती, कल्पनाही तिचीच. एरवी संगणकात आकडे मेमरीतून प्रोसेसरकडे जातात, तिथे त्यांचं गणित होतं आणि उत्तर पुन्हा मेमरीत येतं. वेळ आणि वीज जाते ती या हेलपाट्यांतच. म्हणून तिने गणित करणारा भागच मेमरीला खेटून बसवायचं ठरवलं होतं.

"जवळ आणा, पण थोडं अंतर ठेवा," मास्तर म्हणाले होते. "गणित करणारा भाग तापतो. आणि तापलेली मेमरी विसरते."

चिपची आखणी करणाऱ्यांत ते सर्वांत जुने. शाळेत कधी शिकवलं नव्हतं, पण प्रत्येक गोष्ट कागदावर काढून समजावायची खोड, म्हणून मास्तर.

अंतर ठेवलं की वेग घटत होता, आणि वेगाचा शब्द ती वरिष्ठांना देऊन बसली होती. मास्तर तेच तीनदा म्हणाले. चौथ्यांदा भर बैठकीत म्हणाले, तेव्हा तिने त्यांना प्रकल्पातून काढलं. त्यांना देण्यासारखं दुसरं काम विभागात नव्हतं. मास्तरांनी मुकाट्याने मुदतीआधी निवृत्ती घेतली. चार महिन्यांनी, चिप कारखान्यातून यायला तीन आठवडे असताना, झोपेतच त्यांचं हृदय बंद पडलं. ती शेवटचं पाहायलाही गेली नव्हती. कामाचं निमित्त पुढे केलं होतं.

चिप चुकली त्याच दुपारी ती मास्तरांचं घर शोधत गेली. तिसरा मजला, दारावर अजून त्यांच्याच नावाची पाटी. मास्तरांच्या बायकोने, वहिनींनी, तिला ओळखलं, आत बसवलं, पाणी दिलं.

"तुमचे उपकारच आहेत," वहिनी म्हणाल्या. "थकलो, आता पुरे, असं त्यांनी म्हटलं आणि तुम्ही अडवलं नाहीत. नाहीतर हे चार महिने मला कुठले मिळायला?"

तिने पेला तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

"रोज नवाच्या ठोक्याला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्या टेबलाशी बसायचे. कसल्या कसल्या चौकटी काढायचे. मी म्हणायचे, थकलेला माणूस असा बसतो का? तर म्हणायचे, सवय." वहिनी किंचित हसल्या. मग त्यांनी आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. "लेकीला मात्र पटलं नाही. तिचं शिक्षण अर्धवट आणि बाबा हातपाय धड असून घरी बसले, म्हणून रागावली. एका घरात राहून बोलायची नाही. शेवटपर्यंत नाही बोलली."

"ते काय म्हणायचे तिला?"

"काही नाही. म्हणायचे, बरोबर आहे तिचं."

तिने पेला बाजूला सारला.

"वहिनी, त्यांनी काम सोडलं नव्हतं. मी काढलं त्यांना."

वहिनींची नजर तिच्यावर खिळली.

"ते एक चूक दाखवत होते. माझी. मला ऐकायची नव्हती. आज सकाळी आम्ही चिप तपासली. ते म्हणाले होते, अगदी तसंच झालं."

वहिनी तिच्याकडे पाहीनाशा झाल्या. टेबलाकडे पाहत राहिल्या. तिथे आता धुतलेल्या कपड्यांच्या घड्या होत्या. ती उठली. चालत्या व्हा, एवढं तरी त्या म्हणतील, असं तिला वाटत होतं.

वहिनीही उठल्या. आतल्या दाराशी जाऊन त्यांनी दोनदा हलकेच टकटक केली.

"बाळा, जरा बाहेर ये."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वहिनी मागे वळल्या. डोळे कोरडे होते.

"बसा," त्या म्हणाल्या. "आणि आता सांगितलंत ना, ते पुन्हा सांगा. तिला. पहिल्यापासून."