हात फिरवलेलं प्रदर्शन

आमच्या स्टुडिओतून आजवर कोणी म्हातारं होऊन बाहेर पडलेलं नाही. गिऱ्हाईक खुर्चीवर बसतं, आमचे हे फोटो काढतात आणि मग कॉम्प्युटरसमोर बसून त्यावर 'जरा हात फिरवतात'. डोळ्यांखालची काळी वर्तुळं जातात, गालावरचे डाग जातात, मानेच्या वळ्या जातात. पूर्वी हेच काम ते निगेटिव्हवर पेन्सिलीने करायचे. एकदा एका हेडमास्तरांचा फोटो इतका गुळगुळीत झाला, की कचेरीतल्या माणसाने 'मुलाचा नको, स्वतःचा फोटो आणा' म्हणून त्यांना परत पाठवलं. हेडमास्तर आमच्याशी भांडले नाहीत. उलट त्याच फोटोच्या आणखी डझनभर प्रती घेऊन गेले.

मी काउंटरवर बसते. पाकिटं भरणं, 'फोटो छान आलाय हं' म्हणणं आणि ह्यांच्यावर वैतागणं, अशी माझ्याकडे तीन खाती आहेत. तिसऱ्यात काम फार.

अशा माणसाच्या पोटी आमची मनी जन्मली. वेड तिलाही फोटोंचंच, पण उलट्या बाजूने. रंग उडालेली दारं, गंजलेले नळ, उन्हाने विटलेले पडदे दिसले की ही तिथेच फतकल मारून बसणार. वर्षापूर्वी स्टुडिओत काम करायला तिने साफ नकार दिला. "बाबा, तुम्ही माणसांना इस्त्री करता," म्हणाली. हे कसले ऐकून घेतात? "आणि तू भंगारवाल्याची पोरगी शोभतेस!" झालं. पोरीने गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली आणि बापलेकीचं बोलणं माझ्यामार्फत सुरू झालं. दोन्हीकडचे टोमणे मीच पोचवायचे आणि दोन्हीकडची बोलणी मीच खायची.

मग वाचनालयाच्या सभागृहात मनीचं पहिलं प्रदर्शन ठरलं. जुन्या, विटक्या वस्तूंच्या फोटोंचं. एक दिवस ती आपण होऊन स्टुडिओत आली, पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला आणि बापाकडे न बघता म्हणाली, "प्रिंट इथेच करायच्यात. गावात बाबांसारखी प्रिंट कोणी काढत नाही."

ह्यांनी चष्मा काढून पुसला. परत घातला, परत काढून पुसला. मी मनात म्हटलं, पोरगी उंबऱ्यापर्यंत आली. एवढं काम नीट झालं की घरातही येईल. ती गेल्यावर मी ह्यांना बजावलं, "काही घोळ घालू नका."

"मी कधी घालतो का?" हे म्हणाले. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मनी प्रिंट न्यायला आली. ह्यांनी सगळ्या प्रिंट ओळीने भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, वर चादर. चादर ओढली आणि मी कपाळाला हात लावला.

नळ कोरा करकरीत चकाकत होता. पोपडे निघालेल्या दाराला रंग लागला होता. विटक्या पडद्यावर निळी फुलं टवटवीत उमलली होती. बंद पडलेल्या सलूनमधली फाटकी खुर्ची तर अशी बेमालूम शिवली होती, की मालकाने पाहिली असती तर दुकान पुन्हा उघडलं असतं.

"आठवडाभर बसलो," हे म्हणाले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "पोपड्यांनी फार छळलं. पण पोरीच्या कामात कसूर ठेवायची नाही म्हटलं."

मनीचा खालचा ओठ थरथरला. लहानपणी पडली की असाच थरथरायचा. "बाबा, लोक विचारतील ना, नळ केवढ्याला दिला!"

"अगं, पण मी सगळं चांगलं केलं!"

"तेच तर. माझं काहीच तुम्हाला आहे तसं चांगलं दिसत नाही. राहू दे. नाही करायचं मला प्रदर्शन." ती दाराकडे वळली. आता गेली तर काउंटरपर्यंतही परत यायची नाही, हे मला कळून चुकलं.

"थांब गं! ही एक राहिली बघायची," मी म्हटलं. शेवटची प्रिंट भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. काहीतरी करून तिला थांबवायचं म्हणून मी ती उचलली, सुलटी केली आणि बघतच राहिले.

माझाच फोटो. पोरीने मला न सांगता काढलेला, खिडकीच्या उजेडात पाकिटं भरताना. पांढरे केस, डोळ्यांच्या कडेच्या रेघा आणि दोन भुवयांमधली ती उभी आठी. सगळं जिथल्या तिथे. एकाही रेघेला धक्का लावलेला नव्हता.

माझं डोकंच फिरलं. "अहो! गावातल्या झाडून सगळ्या बायकांच्या सुरकुत्या पुसल्यात. नळाचा गंज काढलात! आणि माझी पाळी आली तेव्हा कंटाळा आला?"

"कंटाळा नाही गं," हे गडबडले. "दोनदा बसलो होतो. पुसण्यासारखं काही सापडलं नाही."

"डोळे फुटले का? ही आठी बघा, बोट रुतेल एवढी!"

"ती कशी पुसू?" हे खाली बघत म्हणाले. "लग्नात नव्हती ती. मी घोळ घालत गेलो, ती खोल होत गेली. ती पुसली तर आपण एकत्र राहिलोच नाही असं वाटेल."

मी ती प्रिंट परत भिंतीला टेकवली, पण ह्या वेळी सुलटी.

मनी दारातून परत आली. तिने नळाची प्रिंट बापाच्या हातात दिली. "बाबा, किती लोकांनी ह्यावर हात ठेवला असेल! त्यानेच तो असा झिजलाय. तुम्हाला आईची आठी दिसते ना, तसा मला हा नळ दिसतो."

"म्हणजे मी आणि नळ एका ओळीत?" मी विचारलं. दोघांपैकी कोणी लक्ष दिलं नाही.

ह्यांनी पेनड्राइव्हमधला मूळ फोटो उघडला आणि कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक टेकवून बघत बसले. "खरंच की," थोड्या वेळाने पुटपुटले, "इथे अंगठा घासून घासून खळगा पडलाय." मग एकदम ओरडले, "अगं, शटर ओढ! आज गिऱ्हाईक नको. मने, तू कागद लाव!"

दुपारभर प्रिंटर खडखडत होता आणि बापलेक तावातावाने भांडत होते. गंज तांबूस हवा की काळपट, सावली किती गडद. माझ्यामार्फत एक शब्दही गेला नाही. मला इतकं बरं वाटलं, की डोळे भरून आले. कोणी विचारलं असतं तर पाकिटाचा डिंक डोळ्यांत गेला म्हणणार होते, पण विचारायला फुरसत कोणाला होती?

संध्याकाळी सभागृह भरलं. लोक नळासमोर थांबत होते, खुर्चीसमोर थांबत होते आणि माझ्या फोटोसमोर जरा जास्तच. मी अंग चोरून ह्यांच्या मागे उभी. तेवढ्यात आमचे हेडमास्तर आले. चष्मा घरी ठेवून, कारण चष्म्यात आपण वयस्क दिसतो असं त्यांचं मत. फोटोजवळ वाकले, निरखून पाहिलं आणि ह्यांना म्हणाले, "वा! ह्या तुमच्या मातोश्री का?"

माझ्या कपाळाला आपोआप आठी पडली.

ह्यांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग हेडमास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून, छाती फुगवून म्हणाले, "बायको आहे माझी. बघा, हुबेहूब आलीय की नाही?"