चार आठवडे

सारजाबाईंनी पदराची गाठ सोडली, सोनारीच्या भैरोबाचा अंगारा चिमटीत घेतला, टायपिंग करत बसलेल्या सोनालीच्या कपाळाला आधी लावला आणि बोटाला उरलेला पंचाक्षरी साहेबांच्या काँप्युटरच्या कडेला पुसला. कार्यालयीन यंत्राला अंगारा लावू नये असा नियम कुठंतरी असेलही. पण मे महिन्याच्या उकाड्यात, वीज गेलेली असताना, तो शोधून काढण्याचं त्राण कुणात होतं? इन्व्हर्टरवर दोघांचे काँप्युटर तेवढे चालायचे. पंखा वीज येईपर्यंत नुसता लटकलेला.

"आज तरी नंबर लागंल का, साहेब?" सारजाबाईंनी विचारलं.

"लागेल. बसा."

त्या भिंतीकडच्या खुर्चीत बसल्या. काँप्युटरच्या पडद्यावर उच्च न्यायालयाचं कामकाज थेट दिसत होतं. उंचावर बसलेले न्यायमूर्ती, खाली उठबस करणारे काळे कोट, आणि कोपऱ्यात चालू प्रकरणाचा क्रमांक. सारजाबाईंचं प्रकरण अजून बरंच मागं होतं.

आता कुणी म्हणेल, जिनं विद्यापीठाला कोर्टात खेचलं ती बाई विद्यापीठाच्याच विधी कक्षात बसून, विद्यापीठाच्याच माठातलं पाणी पीत आपला खटला बघते, ही कसली रीत? रीत नव्हतीच. सारजाबाईंचा फोन बटणांचा आणि सोनारीत त्यालाही धड रेंज नाही. दोन वर्षांपूर्वी त्या विद्यापीठानं कोर्टात दिलेल्या उत्तराची प्रत न्यायला आल्या होत्या, नेमकी त्याच दिवशी तारीख होती, आणि पंचाक्षरी बोलून गेले की आलाच आहात तर बघून जा. तेव्हापासून दर तारखेला त्या परंड्याहून सकाळची गाडी धरून धाराशिवला यायच्या. कोर्टातलं इंग्रजी त्यांना कळायचं नाही. त्यांच्या प्रकरणाचा फोन आला की साहेब बाहेर जाऊन बोलायचे, संपलं की दोन वाक्यांत सांगायचे, त्या मान हलवायच्या आणि परतीच्या गाडीला जायच्या. विरुद्ध पक्षाला असं जवळ बसवून घेऊ नये हे पंचाक्षरींना कळत नव्हतं असं नाही. पण बाई दाराशी येऊन उभी राहिली की त्यांना नको म्हणवत नसे.

विधी कक्ष म्हणजे परीक्षा विभागामागच्या दोन खोल्या. नापास झालेला विद्यार्थी, बढती हुकलेला प्राध्यापक, काम काढून घेतलेला कंत्राटदार, जो उठेल तो कोर्टात जायचा आणि त्याचे कागद इथं येऊन पडायचे. पंचाक्षरी विधी अधिकारी, सोनाली कंत्राटी सहायक. एक शिपाई होता, तो कुलसचिवांनी आपल्या दालनात नेला तो नेलाच. नोकरीला लागले तेव्हा पंचाक्षरींना वाटलं होतं, इथं खऱ्याखोट्याचा निवाडा करायचा असेल. कसला निवाडा अन् कसलं काय! इथलं काम घोंगडं भिजत ठेवायचं. सुकायला आलं की पुन्हा पाणी मारायचं. तिकडं कोर्टात विद्यापीठातर्फे रणधीर वकील उभे राहायचे. नंबर जवळ आला की त्यांचा फोन यायचा, "साहेब, काय सांगू?" आणि पंचाक्षरी म्हणायचे, "चार आठवडे घ्या." जेवताना म्हणायचे, जिना चढताना म्हणायचे, एकदा तर पुतणीच्या लग्नात अक्षता हातात धरून म्हणाले होते. त्या चार-चार आठवड्यांत किती माणसं म्हातारी झाली याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता.

सारजाबाईंचं प्रकरण तसं साधं. त्या मुलींच्या वसतिगृहावर मेट्रन होत्या. एका संध्याकाळी जिल्ह्यातल्याच वाशीहून एका मुलीला फोन आला, बाप जायच्या वाटेवर आहे, असशील तशी ये. रेक्टर बाहेरगावी, परवानगी द्यायला कुणी नाही. पोरगी रडून रडून बेजार. सारजाबाईंनी तिला शेवटच्या एसटीत बसवलं, कंडक्टरला बजावून सांगितलं, आणि पोरगी बापाला भेटली. पण दुसऱ्याच दिवशी कसलीशी समिती तपासणीला आली आणि मुली मोजताना एक कमी भरली. कुणाच्या तरी माथ्यावर खापर फोडायचं होतं, ते सारजाबाईंच्या फोडलं. ना चौकशी, ना नोटीस. आठ दिवसांत बाई घरी. सोनारीत मग बातमीला पाय फुटले. मेट्रननं पोरगी पळवून लावली, असं लोक बोलू लागले, आणि तेच इतकी वर्षं बोलत राहिले. सारजाबाईंनी दावा लावला तो त्या बोलण्यापायी. पोट काय, शेतावरही भरत होतं.

या महिनाअखेर त्यांचं निवृत्तीचं वय भरत होतं. त्यानंतर कोर्टानं कितीही म्हटलं तरी कामावर रुजू होणं शक्य नव्हतं. आणि उद्यापासून कोर्टाला उन्हाळ्याची सुटी लागायची होती. म्हणजे जे व्हायचं ते आज.

मागच्या तारखेला न्यायमूर्तींनी विद्यापीठाच्या वकिलांना चांगलंच धारेवर धरलं होतं. चौकशीशिवाय बाईला काढलंच कसं, पुढच्या वेळी हे ऐकून निकाली काढू, असं तोंडी म्हणालेही होते. ते पंचाक्षरींनी कुलसचिवांच्या कानावर घातलं. कुलसचिवांनी आधी विचारलं, कोण सारजाबाई? मग विचारलं, निवृत्त कधी होतेय? महिनाअखेर म्हटल्यावर त्यांचा चेहरा मोकळा झाला. मग घ्या की वेळ, म्हणाले, आपोआप मिटेल.

आपोआप मिटेल. हे शब्द पंचाक्षरींनी स्वतःही शेकडो वेळा वापरलेले. पण त्या दिवशी ते खोलीबाहेर आले आणि पायरीवरच थांबले. त्यांना एकदम शिसारी आली. कुलसचिवांची नव्हे, त्या शब्दांची. दोन रात्री नीट झोप लागली नाही. पत्नी गायत्री म्हणाली, पित्त झालं असेल. तिसऱ्या दिवशी अंघोळ करताना त्यांनी ठरवून टाकलं की या वेळी मुदत मागायची नाही. रणधीरचा फोन आला की सांगायचं, आमचं काही म्हणणं नाही, चालवा. एवढंच. आधी सांगून उपयोग नव्हता, रणधीरनं लगेच कुलसचिवांना विचारलं असतं. ऐन वेळी सांगितलं की विचारायला सवडच राहणार नाही. मागाहून कुणी जाब विचारला तर म्हणता येईल, मुदतीला कारणच उरलं नव्हतं. ते खरंही होतं. आज सकाळी स्कूटरवरून येताना त्यांनी ते वाक्य दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं होतं.

सोनालीनं सारजाबाईंना पाण्याचा तांब्या दिला आणि सहज विचारलं, निकाल लागला तर मावशी करणार काय, दिवस तर थोडेच राहिले.

"कामावर जाणार," सारजाबाई म्हणाल्या. "एक दिस तर एक दिस. रातच्याला पोरींच्या खोल्यांवरनं फेरी मारणार, कुणी जागी आसंल तर झोप गं म्हणणार. आन् सकाळच्याला सगळ्यांला सांगून घरी जाणार. रिटायर झाले म्हणून जाणार. काढून लावलेली म्हणून मरायचं न्हाय मला."

सोनालीनं पंचाक्षरींकडं पाहिलं. त्यांनी नजर पडद्यावर ठेवली. सांगून टाकावं का बाईला, असं वाटलं. मग म्हणाले मनाशी, आता होईलच, कळेलच. कितीतरी वर्षांत त्यांना नोकरीत बरं वाटलं नव्हतं. आज वाटत होतं. त्यांनी सोनालीला चहा सांगायला लावला, तिघांचा, आणि स्वतःच्या खिशातून पैसे दिले.

चहा आला. पडद्यावरचे क्रमांक भराभर सरकत होते. सुटीआधीचा शेवटचा दिवस, कोर्टालाही घाई. सोनाली एका जुन्या प्रकरणात परीक्षा विभागाचे शेरे येत नाहीत म्हणून कागद घेऊन आली, पंचाक्षरी चष्मा वर सरकवून ते वाचू लागले. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी वाचता वाचताच तो कानाला लावला.

"साहेब, आपला आला. काय सांगू?"

"चार आठवडे घ्या."

फोन बंद झाला. पंचाक्षरींनी अर्धी ओळ आणखी वाचली. मग कागद हातातच राहिला.

सोनाली त्यांच्याकडं बघत होती. सारजाबाईंनी कपबशी खाली ठेवली. पंचाक्षरींनी फोन उचलला आणि परत लावला. वाजत राहिला. कोर्टात उभं राहताना वकील फोनचा आवाज बंद करतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी त्यांनी पुन्हा लावला. पडद्यावर रणधीर उभे होते, कमरेत किंचित वाकून, काहीतरी विनवत. कोटाचा खिसा फुगलेला दिसत होता. फोन त्यातच असणार. पंचाक्षरींनी तिसऱ्यांदा लावला. काँप्युटरवर बोलायची सोय नव्हती, इथून नुसतं बघता यायचं.

सारजाबाईंचे वकील तावातावानं बोलले. बाई याच महिन्यात निवृत्त होतायत, असं म्हणाले. न्यायमूर्तींनी घड्याळाकडं पाहिलं, समोरच्या फायलींच्या चळतीकडं पाहिलं. थकलेल्या पगाराचं काय ते नंतरही बघता येईल, ही शेवटची संधी, असं म्हणून त्यांनी जूनमधली तारीख दिली. कोपऱ्यातला क्रमांक बदलला. दुसरे दोन वकील उभे राहिले.

नेहमी या वेळी सारजाबाई विचारायच्या, काय झालं. आज विचारलं नाही. चार आठवडे हे इंग्रजीत नव्हतं.

फोन वाजला. रणधीरच.

"साहेब, एवढे मिस्ड कॉल? अहो झालं काम. कुरकुर केली जरा, पण दिले."

"दुपारी..." पंचाक्षरी म्हणाले.

"दुपारी काय?"

दुपारच्या सत्रात पुन्हा उभं राहून सांगता आलं असतं, की आमच्या सूचनेत चूक झाली, आम्हाला वेळ नको. तशी सोय असते. न्यायमूर्ती वैतागले असते, पण बाईंचे वकील तिथंच होते, प्रकरण ऐकलंही असतं. फक्त रणधीरनं विचारलं असतं, असं का? लेखी द्या म्हटलं असतं. मग कुलसचिवांचा फोन, मग खुलासा, मग सही. सकाळी ठरवलं होतं ते एका दमात बोलून मोकळं व्हायचं होतं. आता कारण द्यावं लागणार होतं. घाम कानामागून मानेवर उतरत होता. पंचाक्षरींना अतोनात थकल्यासारखं झालं.

"हॅलो? साहेब, दुपारी काय?"

"काही नाही," ते म्हणाले. "बरं झालं."

त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. सारजाबाई उठल्या होत्या. त्यांनी कपबशी माठाजवळ नेऊन विसळली, पिशवी काखेला मारली, पायात चपला सरकवल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. एवढ्या तारखांना त्या आल्या-गेल्या, तशाच आजही निघाल्या होत्या. पंचाक्षरींना ते सोसवेना.

"सारजाबाई," ते म्हणाले. "मला ते म्हणायचं नव्हतं."

त्या दारात थांबल्या. वळून बघत राहिल्या.

"मग कुणाला म्हणायचं व्हतं, साहेब?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. इतकी वर्षं कोण आपल्याला आत येऊ देत नाही, त्याचं नाव तरी कळावं, एवढंच. पंचाक्षरी शोधू लागले. कुलसचिव? त्यांना ही बाई कोण हेही आठवत नव्हतं. रणधीर? तो बिचारा दर वेळी विचारून बोलायचा. न्यायमूर्ती? त्यांनी मागितलं तेवढं दिलं. नावं संपत आली. सोनालीचं टायपिंग थांबलं होतं आणि तीही त्यांच्याकडंच बघत होती.

सारजाबाईंनी काखेतली पिशवी सावरली. मग "येते," म्हणाल्या आणि परंड्याच्या गाडीला निघून गेल्या.