मरहूम उस्ता उवेसचं स्टूल

इजिप्तमधल्या फय्यूमच्या कालव्याकाठी असलेल्या त्या गावात निम्मी घरं खजुरीच्या दांड्यांवर जगत. फांदीची पाती ओरबाडून काढली की जो चिवट दांडा उरतो, त्याची टोमॅटोची खोकी व्हायची, कोंबड्यांचे खुराडे व्हायचे, खुर्च्या व्हायच्या, लग्नाचे पलंगसुद्धा. खिळा म्हणून एक नाही. भोकात दांडा, दांड्यात भोक, एवढंच. आणि या कामात उस्ता उवेसचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. घराच्या दारात जमिनीवर बसून तो पायाच्या बोटांत दांडा धरायचा, लोखंडी टोच्याने भोकं पाडायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा हाणायचा. कोणी विचारलं तर हातातलं काम उलटंपालटं करून दाखवायचा. लपवण्यासारखं काही असतं, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

इंजी कैरोहून आली ती कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. काखेत कागदांची गुंडाळी, पायात पांढरे बूट.

"काका, मला एक स्टूल करायचंय," ती म्हणाली. "भाकरीच्या भट्टीपुढे बायका बसतात ना, त्या बुटक्या आसनावरून सुचलंय. पण शहरातल्या घरात शोभेल असं. जरा उंच, हलकं, आणि तीन पायांचं."

"तीन? चौथा पाय बकरीने खाल्ला की काय?" उवेस म्हणाला, आणि आतून त्याची बायको सनीया खळखळून हसली.

त्या हसण्याने ओळख झाली. पुढचे सात महिने इंजी दर आठवड्याला यायची, दोन-दोन दिवस राहायची. ती चित्र काढायची, उवेस बनवायचा, मग दोघं मिळून ते मोडायचे. पहिल्या स्टुलावर सनीया बसली आणि सरळ जमिनीवर आली. "माझ्या वजनावर बोलाल तर जेवायला मिळणार नाही," असा तिने दम भरला. मधे इंजीला ताप आला, तेव्हा सनीयाने तिला आठ दिवस मुलीसारखं सांभाळलं, बदकाचं सूप चमच्याचमच्याने पाजलं. उवेस आणि सनीयाला मूल नव्हतं. इंजी तिला "अम्मा" म्हणायला लागली ते तेव्हापासून.

घोडं अडलं होतं सांध्यापाशी. इंजीच्या चित्रातले पाय खाली फाकायचे आणि वर एकमेकांत गुंतायचे. दिसायला देखणे, पण पंधरा दिवसांत खिळखिळे. उवेसने डोकं खाजवलं, दांडे फुकट घालवले, जेवताना हात मधेच थांबवून विचार केला. शेवटी त्याला जमलं. ओल्या जाड दांड्यात किंचित तिरकं भोक पाडायचं आणि त्यात दोन महिने उन्हात वाळवलेला बारीक दांडा ठोकायचा. ओला दांडा सुकत जातो तसा वाळक्याला आवळत जातो. वर माणूस बसला की आणखीच घट्ट. इंजीने स्टुलावर उभं राहून उड्या मारल्या. सांधा हूं की चूं करेना. तिने उवेसच्या हातांचं चुंबन घेतलं आणि म्हणाली, "काका, आता आपलं स्टूल जगभर जाईल."

मग ती यायची थांबली. फोनवर म्हणायची, "स्पर्धेला पाठवलंय, अजून काही कळलं नाही." नंतर फोनही उचलेना.

एके दिवशी शाळेचे मास्तर फहीम वर्तमानपत्र घेऊन आले. त्यात स्टुलाचा फोटो होता, खाली दोनच ओळी. कैरोत झमालेक भागात प्रदर्शन लागलं होतं आणि स्टुलाला पहिलं बक्षीस मिळालं होतं.

"पोरीला आपल्याला चकित करायचं असेल," उवेस म्हणाला. सनीयाने पहाटे उठून तुपाच्या फतीर पोळ्या केल्या, फडक्यात बांधल्या, आणि दोघं मिनीबसने कैरोला निघाली. उवेसने इस्त्रीचा राखाडी, पायघोळ गल्लाबिया घातला होता.

दालनाच्या मधोमध, एका पांढऱ्या चौथऱ्यावर, स्टूल ठेवलं होतं. उवेसचा ऊर भरून आला. शेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरांत काही लिहिलं होतं. तो शब्द जुळवत जुळवत वाचू लागला. लुप्त झालेली कला. शेवटचा कारागीर. आणि मग त्याचं स्वतःचं नाव, त्याच्याआधी 'मरहूम', म्हणजे दिवंगत.

"काय लिहिलंय?" सनीयाने विचारलं.

"थांब," तो म्हणाला. त्याने पुन्हा वाचलं. गावात त्याच्या नावाचा दुसरा कोणी होऊन गेला का, हेही त्याने क्षणभर आठवून पाहिलं.

बाजूला पडद्यावर चित्रफीत चालू होती. तीत त्याचे हात होते, टोच्या होता, पायाची बोटं होती. वरून इंजीचा आवाज येत होता. "शेवटचा सांधा शिकवला आणि उस्तांनी माझा हात धरला. दुसऱ्याच दिवशी ते गेले." आवाज भरून आला होता. चित्रीकरणाच्या वेळी ती म्हणाली होती, "चेहरा नको काका, तुमचे हातच सुंदर आहेत." ते वसंतात. म्हणजे पुढे कोणी ओळखू नये म्हणून चेहरा टाळून, सांधा जमायच्या आधीच तिने त्याला मारून ठेवलं होतं.

सनीयाला अक्षर येत नव्हतं, पण कान होते. "ही कोणाला मारतेय? उवेस, ही तुला मारतेय?"

तेवढ्यात इंजीने त्यांना पाहिलं. ती धावत आली, दोघांचे हात धरून त्यांना एका कोपऱ्यात घेऊन गेली.

"अम्मा, हळू. वल्लाही, अल्लाची शपथ, मी सगळं सांगणार होते."

"काय सांगणार होतीस? कधी पुरलंस ते?" सनीया म्हणाली. "माझ्या ताटातलं खाल्लंस गं तू!"

"स्पर्धाच नाहीशा झालेल्या कलांची होती. गावात चाळीस घरं अजून खुराडे विणतात म्हटलं असतं, तर स्टूल पहिल्याच फेरीत बाद झालं असतं. मी हे काकांच्याच कामासाठी केलं."

"माझ्यासाठी?" उवेस म्हणाला.

तोच सोनेरी चष्म्याचे एक पाहुणे जवळ आले. उवेसच्या गल्लाबियाकडे पाहून त्यांनी विचारलं, "हे त्याच गावचे का?"

इंजीने क्षणभर उवेसकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत गयावया होती. मग ती म्हणाली, "हे उस्तांचे धाकटे भाऊ."

पाहुण्यांनी उवेसचा हात दोन्ही हातांत घेतला. "उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो," ते म्हणाले.

लहानपणापासून शंभर मयतींना गेलेल्या माणसाच्या जिभेवर जे उत्तर असतं, ते आपसूक बाहेर पडलं. "तुमचं आयुष्य वाढो."

बोलून गेल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो ते. पाहुणे निघून गेले. इंजीने सुटकेचा श्वास सोडला, आणि तो श्वास उवेसला भिंतीवरच्या अक्षरांपेक्षा जास्त लागला.

मिनीबसमध्ये सनीया त्याच्यावर उखडली. "ओरडायचं होतंस! मी आहे, जिवंत आहे, म्हणायचं होतंस!"

"त्याने हात धरला होता गं," उवेस म्हणाला. "कसं सांगणार?"

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. कॉफीच्या दुकानात शिरला की कोणीतरी म्हणायचं, "उठा रे, मरहूम आले, त्यांना जागा द्या." पहिल्या दिवशी उवेसही हसला. चौथ्या दिवसापासून त्याने तिकडे जाणं सोडलं. मास्तर फहीमनी आयोजकांना पत्र लिहिलं, की उवेस जिवंत आहे आणि स्टुलाचा सांधा त्याचाच आहे. उत्तर आलं की आराखडा तुमचा असल्यास तारखेसह चित्रं पाठवावीत. उवेसने जन्मात कागदावर रेघ ओढली नव्हती. चित्रं सगळी इंजीकडे होती.

दोन महिन्यांनी ती स्वतः आली. दारातच उभी राहिली. आत बोलावायला सनीया पुढे झाली नाही.

"काका, साठ स्टुलांची मागणी आली आहे. कैरोतल्या सुतारांना सांधा जमत नाही. एकदा तरी..."

उवेस दांडा तासत होता. त्याने मान वर केली नाही. "मेलेल्या माणसाकडून काम करून घेतात का कोणी?"

"माझं चुकलं."

"चूक सांध्यात होते, पोरी. भोक चार केस इकडेतिकडे पडतं. तू तर वसंतातच माझा चेहरा वगळलास."

ती रडली. खरंच रडली असावी. पण त्या चित्रफितीतला भरून आलेला आवाज त्याने ऐकला होता. आता खरं कोणतं, हे ओळखायची त्याची ताकद राहिली नव्हती. ती गेली. सुतारांनी पुढे ती स्टुलं स्क्रू लावून बनवली, आणि कळलं ते असं की ती खपली, कोणाची तक्रार आली नाही.

हिवाळ्यात उवेसच्या चुलतभावाची विधवा सून अवातिफ शिकायला आली. हात चांगला होता तिचा. तो तिला खोकी शिकवायला बसला, खुराडा शिकवला, खुर्चीची पाठही शिकवली. मग एक दिवस ती म्हणाली, "काका, त्या स्टुलाचा सांधा दाखवा ना. ओला-वाळका काहीतरी असतो म्हणे."

सनीया चहाचे पेले घेऊन बाहेर आली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"तो मला येत नाही," उवेस म्हणाला, आणि टोच्या उचलून दाराकडे पाठ करून बसला.