विहीणबाई थंडी बघायला आल्या

बसा हो. तुमच्याच दारात असं उभं राहून गोष्ट ऐकायची नसती, वहिनींनी चहा टाकलाय. आमच्या जोतीरामाची विहीण त्याच्या घरी थंडी बघायला आली होती, ते सांगतो. हसू नका. मुलगी बघायला येतात, जागा बघायला येतात, ही बाई थंडी बघायला आली होती.

आता तुमी म्हणाल, नव्या मुंबईत कसली आली थंडी. तुमी राहता तळमजल्याला, तुमाला काय कळणार. जोतीराम राहतो जुईनगरला, चौथ्या मजल्यावर, डोक्यावर डायरेक गच्ची. जानेवारीत पहाटे खाडीकडनं वारं सुटलं की त्याच्या घरात खोबरेल तेलाची बाटली दगड होती. गॅसजवळ धरल्याबिगर डोक्याला तेल नाय.

जोतीराम मसाला मार्केटला माथाडी. मूळचा माण तालुक्याचा, पण बावीस वर्सं झाली, पाठीवर गोणी नि गोणीखाली जोतीराम. मिरची, धने, हळद, जे येईल ते. पाठ अशी झालीय की रिक्षात बसला की दुसऱ्याला जागा नाय. बायको मुक्ताबाई. पोरगी एकच, राजलक्ष्मी, ती दिली खारघरला, चौदाव्या मजल्यावर. जावई विश्वजित कंपनीत कामाला, सरळ पोरगा. सासरे नायत. सासू शर्मिलाताई बँकेत क्लार्क होती, बाई वाईट नाय, पण बँकेतली सवय. सही जुळल्याशिवाय पुढं सरकायचं नाय.

राजीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. जोतीरामानं तर तिसऱ्या महिन्यापासून मार्केटभर सांगून ठेवलं होतं की पोरगी जानेवारीत येणार. आणि दिवाळी झाली तसा शर्मिलाताईंचा फोन आला. लई गोड बोलल्या. म्हणल्या, डॉक्टर म्हणतात बाळ ऐन थंडीत होणार, तुमचं घर वरच्या मजल्याचं, खिडक्या जुन्या, वारं आरपार जातं, तेव्हा राजलक्ष्मी इथंच राहू दे, मुक्ताबाईंनी इकडं यावं.

जोतीराम फोन धरून तसाच उभा. शंभर किलोची गोणी उचलताना ह्या माणसाच्या तोंडातनं कधी आवाज निघाला नाय, पण त्या दिवशी असा सुस्कारा टाकला की मुक्ताबाईला वाटलं गॅस लीक झाला. मग म्हणला, "ताई, हा रविवार सोडून पुढच्या रविवारी या. घर बघा. वारं घावलं तर पोरगी तुमची."

बोलून बसला गडी. आता हातात उरले अकरा दिवस, आणि खिशात काय तर, दवाखान्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशाला हात लावायचा नाय अशी मुक्ताबाईची शपथ. थंडीसाठी उरलं ते घरात पडलेलं सामान आणि जोतीरामाचं डोकं. सामान बरं होतं.

पहिलं काम त्यानं काय केलं, तर उदबत्ती लावली. पूजेला नाय. उदबत्ती हातात धरून घरभर फिरायचं, धूर जिथं वाकडा झाला तिथनं वारं येतंय. एका खोलीचं घर, त्यात सतरा ठिकाणी धूर वाकडा. खिडकीच्या पट्ट्या, दाराची फट, मोरीचा पाईप, ट्यूबलाईटच्या वायरीचं भोक. एका ठिकाणी तर धूर भितीतच गेला, तो कुठं गेला अजून कळलं नाय. मग कणकेची खळ शिजवली. मागल्या चार वर्सांची कॅलेंडरं एकावर एक चिकटवून खिडक्या अशा बंद केल्या की त्या पुन्हा उघडायच्या तर सुतार आणावा लागंल. दाराखालच्या फटीला मुक्ताबाईनं जुन्या परकराची वळकटी चिंध्या भरून लावली. शेवटी जोतीराम उदबत्ती घेऊन मधोमध उभा राहिला, तर धूर सरळ वर, सैनिकासारखा. दोघं धुराकडं बघत उभी राहिली, आणि मग उदबत्तीच्या धुरानं दोघांना ठसका लागला. कारण धुरालाही जायला जागा नव्हती. खरं तर तिथंच शहाणं व्हायला पायजे होतं.

राहिली पांघरुणं. दुकानातली ब्लँकेटं मुक्ताबाईला पसंत नायत, म्हणती ती अंगावर असली तरी अंगाला लागत नायत. बाळंतिणीला वाकळच पायजे. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, मधे काहीतरी जाड घालायचं, आणि बारीक टाके मारत जायचं चौकोनात चौकोन. लुगडी होती पाच. ती विरलेली. मधे घालायला जाड काय, ह्यावर दोन दिवस गेले, आणि तिसऱ्या दिवशी जोतीराम मार्केटवरनं बारदान घेऊन आला.

बारदान म्हणजे रिकाम्या गोण्या. फाटक्या होत्या, शेटनं अशाच दिल्या. पण ह्यानं काय कुठल्याही उचलल्या नाय. गालाला लावून लावून निवडल्या, ज्या वापरून वापरून मलमलीसारख्या झाल्या होत्या त्या. सहा आणल्या. मुक्ताबाईनं एकदा साबणाच्या पाण्यात बुचकाळल्या, गच्चीवर वाळवल्या, नाकाला लावून बघितल्या. काय वावगं वाटलं नाय. कारण बावीस वर्सं नवऱ्याचे कपडे ती हातानं धुती. तिला तो वास म्हणजे वास नाय. तो म्हणजे जोतीराम घरी आला.

वाकळ शिवायला मदतीला आली शेजारची केशरबाई. परभणीकडची म्हातारी, नवरा जाऊन दहा वर्सं झाली, पण टाका असा घालती की पट्टी ठेवून बघा. तिचं नाक त्या आठवड्यात सर्दीनं गच्च. गच्चीवर वाकळ पसरून दोघी चार दिवस बसल्या. केशरबाईच्या डोळ्यांतनं पाण्याची धार. मुक्ताबाईनं विचारलं तर म्हणती, लुगड्याचे काठ बघून आमच्या ह्यांची आठवण येते. दुसऱ्या दिवशीही आठवण. तिसऱ्या दिवशी आठवण इतकी वाढली की सुई दिसंना. मुक्ताबाईला भरून आलं, तिनंही डोळे पुसले, त्याच हातानं, आणि मग तिलाही नवऱ्याची लई आठवण आली. तो खाली टाकी धूत होता.

वाकळ झाली मात्र बघण्यासारखी. जांभळा, हिरवा, कुंकवाच्या रंगाचा, चौकोनात चौकोन. मुक्ताबाईनं घडी घालून ट्रंकेवर ठेवली आणि ताकीद दिली, राजी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाय. मंग कळणार कसं कुणाला?

रविवारी अकरा वाजता तिघं आली. शर्मिलाताई, जावईबापू आणि पोट सांभाळत राजी. चार जिने चढून राजी पार दमली होती. डोळ्यांखाली काळं. विश्वजित हळूच म्हणला, मामा, पंधरा-वीस दिवस झाले, हिला झोपच नाय. रात्रभर खुर्चीत बसून असती.

शर्मिलाताईंनी चप्पल काढली आणि थेट खिडकीपाशी. हात फिरवला. वारं नाय. दारापाशी वाकल्या. वारं नाय. मोरीत डोकावल्या. जोतीराम मागं मागं, उदबत्तीचा पुडा हातात घेऊन, लागलीच तर दाखवायला. बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा असं आलं की सही जुळायला लागलीय. म्हणल्या, "भाऊ, मेहनत घेतलीत हो."

झालं. जोतीराम फुगला. आता पांघरूण दाखवतो म्हणला, आणि ट्रंकेवरची वाकळ उचलली. आता वाकळ दाखवायची तर हळूच उलगडावी. पण हा माथाडी. बावीस वर्सं गोण्या झटकलेला माणूस. त्यानं दोन टोकं धरली आणि शेटसमोर रिकामी गोणी झटकतात तशी, खांद्यातनं, एकदा, दोनदा, तीनदा झटकली. फुल पंख्याखाली.

पहिली शिंक विश्वजितची. लहान होती, सॉरी म्हणण्याइतकी. सॉरी अर्धं झालं आणि दुसरी आली, तिसरी आली, मग पोरगं मोजण्याच्या पलीकडं गेलं. शर्मिलाताईंनी पदर नाकाला लावला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि अशी शिंकली बाई की भितीवरचं घड्याळ वाकडं झालं. केशरबाई पाणी घेऊन येत होती. तिची सर्दी तेवढ्यात मोकळी झाली होती. बिचारीनं पेला खाली ठेवला, उंबऱ्यावर बसली आणि सात शिंका एकापाठोपाठ, मधे श्वास नाय. विश्वजित खिडकी उघडायला धावला. कॅलेंडर फाटलं, त्याच्या खाली कॅलेंडर, त्याच्या खाली कॅलेंडर. तीन वर्सं फाडली पोरानं, खिडकी काय दिसंना. शेवटी सगळे दाराखालची वळकटी तुडवत बाहेर गॅलरीत.

जोतीराम आणि मुक्ताबाई एकमेकांकडं बघतायत. त्यांना काय होतंय तेच कळंना. जोतीरामाला वाटलं खाली कुणीतरी फोडणी करपवली. गॅलरीतनं वाकून त्यानं तिसऱ्या मजल्यावरच्या मानसिंगला हाक मारली, की बाबा, पाव्हणे आलेत, फोडणी बंद कर. मानसिंग खालनं म्हणला की सकाळपासनं सिलेंडर संपलाय, तूच दोन रोट्या पाठव वरनं.

शर्मिलाताईंचं नाक टोमॅटो झालं होतं. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "भाऊ, त्या गोधडीत भरलंय काय?"

"बारदान."

"कसलं बारदान?"

जोतीराम छाती काढून म्हणला, "लवंगी मिरचीचं. सगळ्यात मऊ तेच असतं, ताई."

 मग केशरबाई शिंकली आणि मुक्ताबाईनं कपाळाला हात लावला. तेव्हा जोतीरामाला कळलं. एवढा मोठा गडी, पण चेहरा असा उतरला की बघवंना. कठड्याला पाठ लावून खाली बसला. शर्मिलाताईंनी पर्स खांद्याला लावली आणि विश्वजितला म्हणल्या की राजलक्ष्मीला बोलव, निघू या.

आणि तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं की राजी बाहेर आलीच नाय.

आत धावले, नाकाला रुमाल, पदर, जे घावंल ते लावून. धूळ बसली होती. आणि जमिनीवर राजी कुशीवर, वाकळ गळ्यापर्यंत ओढून, गाढ झोपलेली. तोंड उघडं. घोरत होती. विश्वजित बघतच राहिला, त्यानं बायकोला घोरताना ऐकून वीस दिवस झाले होते.

शर्मिलाताई गुडघ्यावर बसल्या. तिच्या कपाळावर हात ठेवला. राजीनं अर्धा डोळा उघडला.

"बाळा, तुझ्या नाकाला झोंबत नाही?"

"नाय आई," राजी म्हणली. "आबांचा वास हाय." आणि कूस बदलून परत झोपली.

बाईंनी पदर डोळ्याला लावला. मला वाटतं त्यांना रडू येत होतं, पण मधेच शिंक आली, आणि शिंकेतनं हसू निघालं, आणि एकदा सुटलं ते थांबंना. मुक्ताबाई हसायला लागली, केशरबाई हसायला लागली, पोरगी उठंल म्हणून सगळ्या तोंडात पदर कोंबून. विश्वजित भितीला टेकून हसतोय, डोळ्यांतनं पाणी. जोतीराम दारात उभा, त्याला कळंना हसावं का माफी मागावी.

मग शर्मिलाताईंनी हुकूम सोडला, बँकेतल्या आवाजात. "राजलक्ष्मी इथंच राहील. पण बाळ माझं पण नातवंड आहे, भाऊ, त्याला मिरचीत नाही गुंडाळायचं. कात्री आणा, ही उसवायची."

उसवायची कशी, पांघरून तर पोरगी झोपलेली. पण वाकळ होती सहा हाताची. पायाकडचं टोक दारातनं बाहेर गॅलरीत ओढलं. तिकडं चौदाव्या मजल्यावरची विहीण, परभणीची केशरबाई नि मुक्ताबाई, तिघी नाकाला रुमाल बांधून ओळीनं बसल्या, बँक लुटायला निघाल्यासारख्या. टाके उसवत गोण्या एकेक काढतायत. इकडं पोरगी झोपेत वाकळ वर ओढती, तिकडं ह्या हळूच खाली. साडेचार वाजेपर्यंत झोपली राजी. जागी झाली तेव्हा अंगावर नुसती लुगडी होती. म्हणली, आबा, भूक लागलीय.

दुसऱ्या दिवशी शर्मिलाताईंनी स्वतःच्या सासूची चार नऊवारी पाठवली, पलंगाच्या खणात बारा वर्सं पडली होती. मोठी वाकळ त्यात झाली. चारही कोपऱ्यांचे टाके बाईंनी स्वतः घातले, वाकडे हायेत, पण केशरबाईनं उसवू दिले नायत.

आता राहिली बाळाची बारकी गोधडी. केशरबाई म्हणती, तिच्या गावाकडं पोराच्या गोधडीला नवं कापड चालत नाय नि एका घरचंही चालत नाय. धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं सुती, आणि सात घरचं, म्हणजे पोराला सात घरची ऊब. सहा घरं झाली. मानसिंगनं पण धोतर दिलं. एक कमी पडतंय, आणि डॉक्टरनं पुढच्या आठवड्याची तारीख दिलीय.

चहा राहू द्या, गरमच हाय अजून. तेवढं आत जाऊन वहिनींना विचारा, तुमच्या आईचं एखादं जुनं सुती पातळ असंल कपाटात, तर द्याल का?